दप्तरातली रंगपेटी

खारघर,
९ सप्टेंबर २०२५

ती. स्मिताताईंस,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण तुमच्या घरात एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं आणि सई सदा तुमच्या मागेमागे असणार. म्हणून मेल लिहितेय. तुम्ही शाळेतून आल्यावर लॅपटॉप उघडता, हे मला माहीत आहे.

गौरी-गणपतीला चार दिवस म्हणून कराडला आलेली पोर विसर्जन झालं तरी परत यायचं नाव घेत नाही. आशुतोष रविवारी तिला आणायला निघाले होते, तर तुमच्या फोनवरून तिने सांगितलं, "बाबा, येऊ नका, मी येणार नाही." का, ते सांगितलं नाही. तुम्हीही दारात आलेली भाची परत पाठवणाऱ्यातल्या नाही. त्याबद्दल तुमचे आभारच मानायला हवेत.

बारावीचं वर्ष आहे, ताई. कॉलेज, क्लास, परत क्लासच्या टेस्ट. इथे आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरात बारावीचं मूल आहे आणि सगळ्यांची तोंडं सारखीच उतरलेली. तिला थोडं टेन्शन आलंय, एवढंच. आठवडाभर राहू दे. गरम भाकरी, तुमच्या परसातली हवा, यानेच ताळ्यावर येईल. फक्त तिला फार काही विचारू नका. विचारलं की ती अजूनच मिटते.

मोबाइल ती इथे विसरून गेलीय. कुणाबरोबर तरी पाठवून देऊ का?

दाजींना नमस्कार.

तुमची,
जयमाला

⁂

कराड,
१२ सप्टेंबर

प्रिय जयमालास,
अनेक आशीर्वाद.

मोबाइल पाठवू नकोस. मी तिला म्हटलं, "अगं, फोन विसरलीस वाटतं." तर म्हणाली, "विसरले नाही आत्या, ठेवून आले." मग तुझं म्हणणं मी तिला सांगितलं नाही.

तू विचारू नका म्हणालीस, म्हणून विचारलं नाही. पण डोळे तर मिटून घेता येत नाहीत. बुधवारी तिला बाजारात घेऊन गेले. वाण्याच्या दुकानातून निघताना हिने आपली पिशवी उघडली आणि त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "असू दे की पोरी, मीच भरलीय ती." तरी ही पिशवी धरून तशीच उभी. त्याने आत डोकावल्यासारखं केलं तेव्हा पायरी उतरली. काल शेजारच्या मानसिंगरावांकडे चहाला मी तिला चल म्हटलं, तर बाहेर ओट्यावरच बसली. आत यायला तयार नाही. का, तर म्हणे, "त्यांच्या घरात सामान असतं." कुणाच्या घरात सामान नसतं, जयमाला? मला काही उलगडा होईना.

अभ्यासाचं म्हणशील तर पोर चांगली बसते. तुझे दाजी तिला गणित सांगतात. तिला गणिताचं टेन्शन असावं असं त्यांना वाटत नाही.

बरं, दुसरी गोष्ट. तुझी ती रील बघितली होती. सई आठ वर्षांची असताना तिने मैत्रिणीची रंगपेटी आणली होती आणि तू तिला घेऊन परत करायला गेली होतीस, ती. तुझा आवाज फार छान आलाय त्यात. मी लगेच आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकली, 'ही आमची भावजय' म्हणून. सगळ्या बाईंनी अंगठे दिले. अगं, तुझ्या 'पाटी-दप्तर' ब्लॉगवर ती पूर्ण गोष्ट तू लिहिली होतीस तेव्हा मी वर्गात वाचून दाखवली होती, आठवतंय ना? किती माणसं लिहायची तुला तेव्हा. मीच केवढाली पत्रं लिहायचे खाली. परवा कुणाला तरी रील दाखवायला शोधली तर सापडली नाही. काढलीस का? छान चालली होती की.

आशूला म्हणावं, काळजी करू नको.

तुझी,
स्मिताताई

⁂

खारघर,
१५ सप्टेंबर

ती. स्मिताताईंस,
सा. न.

तुमचं पत्र वाचलं. पिशवीचं वाचून मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसत राहिले.

तुम्हाला सांगायला हवं. आधीच सांगायला हवं होतं.

रील मी काढली, कारण ती सईच्या कॉलेजातल्या मुलांपर्यंत पोचली. ब्लॉग लिहीत होते तेव्हा हा विचारच कधी मनात आला नाही. ब्लॉगवर जी येत होती ती माणसं आपणहून यायची. लहान मुलांच्या आया, तुमच्यासारख्या शिक्षिका, एक दोन आजोबा. सगळं वाचायची आणि मग बोलायची. शाळकरी पोरं कशाला येतील आईबापांनी लिहिलेलं वाचायला? पण ही रील कुणाला दाखवायची ते मी ठरवत नव्हते. मी खारघरची, म्हणून ती खारघरच्या पोरांच्या फोनवर आधी गेली असणार. निदान मला तसं समजावलं गेलं.

तुम्ही म्हणता, किती माणसं लिहायची तेव्हा. ती सगळी गेली, ताई. एकदम गेली नाहीत. आधी म्हणाली, फेसबुकवर टाक, तिथे वाचतो. तिथे टाकलं तर म्हणाली, लांब होतं. आखूड केलं. मग फोटो हवा झाला. मग फोटोसुद्धा कुणी बघेना. गेली कितीतरी वर्षं मी दर पंधरा दिवसांनी ब्लॉगवर लिहितेय आणि खाली एक अक्षर उमटत नाही. रिकाम्या हॉलमध्ये भाषण करावं तसं. तुम्हीसुद्धा थांबलात. हे दोष म्हणून लिहीत नाही, तुम्हाला शाळेचं काम असतं.

माझी मैत्रीण स्नेहल, जिचा पूर्वी स्वयंपाकाचा ब्लॉग होता, ती आता नुसत्या रील्स करते. तिने मला समोर बसवून सांगितलं, "जुन्या गोष्टी तुझ्याकडे खंडीभर आहेत. वाचून दाखव. फक्त पहिल्या तीन सेकंदांत माणूस दचकला पाहिजे, नाहीतर बोट वर सरकतं." म्हणून सुरुवातीला ते वाक्य घेतलं, 'माझी मुलगी चोर होती.' पुढे सगळं प्रेमाचंच आहे, तुम्ही ऐकलंय. पण पुढचं किती जणांनी ऐकलं कोण जाणे. मुलांनी तेवढंच उचललं. सई वर्गात शिरली की कुणीतरी म्हणायचं, पेनं सांभाळा रे. मग क्लासमध्ये ईश्वरी नावाच्या मुलीचे इअरबड्स हरवले. सरांनी सगळ्यांना बॅगा दाखवायला सांगितलं. सुरुवात सईपासून केली. तिच्या बॅगेत काही नव्हतंच. पण तिला सगळ्यांसमोर ती उलटी करायला लावली.

मला हे कळलं त्याच दिवशी मी रील काढून टाकली.

तुम्ही तिला म्हणा, आईने लगेच काढली. आता कुठेही नाहीये ती.

जयमाला

⁂

कराड,
२१ सप्टेंबर

जयमाला,

तुझं पत्र आलं त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. दोन्ही लिहिते.

पहिली माझी. गुरुवारी शाळेतल्या दोन बाई घरी आल्या होत्या, पेपरांचे गठ्ठे घ्यायला. सईने चहा केला, ट्रे घेऊन बाहेर आली. त्यातल्या एकीने तिच्याकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "हीच का ती रंगपेटीवाली? गोड आहे हो." सईने ट्रे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आत्या, तू पण पाठवलीस?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अगं, कौतुकाने पाठवली." तिने मान हलवली आणि आत गेली. मी चाळीस मुलींच्या वर्गाला रोज ताळ्यावर ठेवते, पण त्या दिवशी आतल्या खोलीत जायला मला धीर होईना. मी ती रील ग्रुपवर टाकायच्या आधी पूर्ण ऐकलीही नव्हती, जयमाला. तुझं नाव आणि सईचा फोटो दिसला आणि पुढे ढकलली. ब्लॉग होता तेव्हा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच दोन शब्द लिहायचे. मीही त्या बोट सरकवणाऱ्यातलीच झालेय.

दुसरी तुझी. त्या दिवशी मी तिला तुझा निरोप सांगितला. "आईने कळलं त्याच दिवशी काढली बघ." त्यावर ती म्हणाली, "आत्या, मी तिला रील आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. आई म्हणाली, रविवारपर्यंत थांब. क्लासमधलं शनिवारी झालं."

मी तुला ओरडायला हे लिहीत नाही. ओरडायचा हक्क मी स्वतःच घालवलाय. पण मला त्या पोरीसमोर खोटं पाडू नकोस. एकतर खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

पोरगी जेवते. झोपते. बोलत नाही.

स्मिताताई

⁂

खारघर,
२८ सप्टेंबर

ती. ताई,

हे पत्र आठवडाभर लिहितेय आणि खोडतेय. खोडताना माझ्या लक्षात आलं की मी वाक्यं चांगली करतेय. म्हणून आता जसं येईल तसं लिहिते.

सई खरं बोलली.

रील टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कॉलेजमधून आली, बूट न काढता माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "आई, ते काढ."

मी फोनमध्येच होते. ज्या बायका दहा वर्षांपूर्वी ब्लॉगवर यायच्या त्यातल्या दोघी तिघी परत आल्या होत्या. 'तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तुम्ही कुठे होतात इतके दिवस' असं एकीने लिहिलं होतं. कुठे होतात. मी तर तिथेच होते, रोज. पण मला ते वाचून रडू आलं होतं आणि नेमकी तेव्हा सई समोर.

मी म्हटलं, "का गं? लोक किती प्रेमाने बोलतायत तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल नाही बोलत, तुझ्याबद्दल बोलतायत. मला कॉलेजमध्ये चोर म्हणतायत."

"पोरं आहेत, दोन दिवसांत विसरतील. तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट आहे ती."

"आई, प्लीज काढ ना."

मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. आत्ता काढली तर सगळं परत खाली बसेल. इतक्या वर्षांनी कुठे माझं काहीतरी चाललंय, सई." ती बूट काढायला दाराकडे परत गेली. त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही आणि मी स्वतःला सांगितलं की तिला पटलं.

शुक्रवारी ती जेवली नाही हे मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काढावी लागली असती.

शनिवारी क्लासमधून आली ती थेट बाथरूममध्ये गेली. बराच वेळ पाणी चालू होतं. क्लासमधल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईचा मला फोन आला, तेव्हा कळलं. मी तिथल्या तिथे रील काढली. पण तोवर ती लोकांनी उतरवून घेतली होती. कुणी त्यातला फक्त पहिला तुकडा घेऊन त्यावर हसण्याचे आवाज लावले. ते माझ्या हातात नाही. 'आता कुठेही नाही' असं मी तुम्हाला लिहिलं, तेही खरं नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर मी क्लासच्या सरांना भेटायला गेले. तिथे कळलं की इअरबड्स केव्हाच सापडले होते, ईश्वरीच्या आईच्या पर्समध्ये. कुणी आम्हाला कळवलंही नाही. मी सरांना म्हटलं, "तुम्ही सुरुवात माझ्या मुलीपासून का केलीत?" ते म्हणाले, "मॅडम, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. ती पहिल्या बाकावर बसते म्हणून तिच्यापासून केली."

"मुलं हसत होती ते तुम्हाला ऐकू आलं नाही?"

ते मग हळूच म्हणाले, "मुलांना काय बोलणार मॅडम. ती तुमचंच वाक्य बोलत होती."

ते उद्धटपणे नाही बोलले. तसे बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी तशीच जिना उतरून आले. सेंट्रल पार्कच्या मेट्रो स्टेशनखाली बाकावर बसून राहिले. शेजारी एक बाई तिच्या लहान मुलाचा व्हिडिओ काढत होती, तो पडला आणि रडायला लागला तरी काढत होती. मला तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण मी कोण सांगणारी?

आशुतोषना हे सगळं काल सांगितलं. त्यांना फक्त 'मुलांनी चिडवलं' एवढंच माहीत होतं. ते उठले आणि तळोज्याला सेकंड शिफ्टला निघून गेले. आज सकाळी चहा घेताना म्हणाले, "तिने मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला बोलला असतात. तिला मला वाचवायचं असेल." हे बोलल्यावर माझंच मला ऐकवलं नाही.

मी ठरवलंय, 'पाटी-दप्तर' पूर्ण काढून टाकायचं. पंधरा वर्षांचं सगळं. तसंही ते कुणी वाचत नाही.

हे पत्र वाटलं तर सईला दाखवा. नाही वाटलं तर दाखवू नका. तुम्ही ठरवा, मी काही ठरवण्याच्या लायकीची आत्ता नाही.

जयमाला

⁂

कराड,
५ ऑक्टोबर

आई,

आत्याच्या लॅपटॉपवर टाइप करतेय. मराठीत इतकं मोठं कधी लिहिलं नाही, त्यामुळे चुका असतील. बघू नकोस.

आत्याने तुझी मेल मला दिली. आधी विचारलं, "वाचायचीय का?" मी दोन दिवस नाही म्हटलं, मग वाचली. तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. बाबांना सांगितलंस तेही बरं केलंस. मी बाबांना का नाही सांगितलं, ते तू बरोबर ओळखलंस.

आता मला एक सांगायचंय. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. आत्याला काल सांगितलं, ती म्हणाली, आईला तूच लिही.

ती रंगपेटी मी चोरली नव्हती.

तेव्हा आपण घणसोलीला भाड्याने राहायचो आणि वैष्णवी गावात राहायची, चाळीच्या मागे. आमची शाळा एक, बाक एक. त्या लोकांचं उरणला जायचं ठरलं होतं. तिच्या मामाने जहाजावरून ती पेटी आणली होती, तुला आठवत असेल, तीन मजल्यांची, उघडली की पायऱ्यांसारखी व्हायची. तिने ती स्वतः माझ्या दप्तरात ठेवली. म्हणाली, "तू ठेव. मना मामा दुसरी आनंल. पन कुनाला सांगू नको." मी प्रॉमिस केलं. आम्ही तेव्हा प्रॉमिस म्हणजे खूप मोठी गोष्ट समजायचो.

तू दप्तर आवरताना तुला ती दिसली. तू विचारलंस, "ही कुणाची?" मी म्हटलं, वैष्णवीची. तू विचारलंस, "तिला विचारून घेतलीस का?" मी गप्प बसले, कारण मी घेतलीच नव्हती आणि सांगायचं नव्हतं. तू माझ्या गप्प बसण्यावरून समजलीस.

मग आपण तिच्या घरी गेलो. तिची आई बाहेर आली, पेटी बघून वैष्णवीला म्हणाली, "तू दिलीस काय गो?" वैष्णवी तिच्या आईला खूप घाबरायची. तिने मान हलवली, नाही म्हणून. माझ्याकडे बघितलंही नाही. तू माझा हात दाबलास. मी सॉरी म्हटलं. तिची आई म्हणाली, "जाव द्या, लहान हाय पोर."

मी घरी येताना तुला सांगणार होते. खरंच. पण रस्त्यात तू खाली बसलीस, मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "चूक कबूल करायला किती धीर लागतो, मला तुझा अभिमान वाटतो." तू रडत होतीस. तू मला असं कधी म्हटलं नव्हतं. मग मला वाटलं, मी चोरलीच नाही असं सांगितलं तर तो अभिमान परत जाईल.

त्याच दिवशी तू लिहायला बसलीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या मावश्यांचे फोन यायला लागले. आत्याने वर्गात वाचलं. थोडी मोठी झाल्यावर मी ती पोस्ट नीट वाचली. खूप छान लिहिलंयस, आई. त्यात माझ्या मनात काय चाललं होतं तेसुद्धा लिहिलंयस. मला बाकावरच्या शेजारणीसारखी पेटी हवी होती, मग मला अपराधी वाटलं, मग मला रात्री झोप लागली नाही. यातलं काहीच झालं नव्हतं. पण ते वाचून मला वाटायला लागलं की झालं असेल. खाली सगळ्यांनी लिहिलं होतं की सई किती गुणी आहे.

म्हणून रील आली तेव्हा मी तुला 'हे खोटं आहे' म्हटलं नाही. फक्त काढ म्हटलं. नऊ वर्षांनी कोण ऐकणार?

तू म्हणतेस रीलमुळे झालं. ब्लॉग होता तेव्हा लोक नीट वाचायचे, आता वाचत नाहीत. ते असेल. पण नीट वाचणाऱ्यांनी पण मला कधी विचारलं नाही. आणि तू तर घरातच होतीस. तू एकदा विचारलंस आणि मग लिहायला बसलीस.

मी रागावून लिहीत नाहीये. म्हणजे राग आहे, पण तेवढाच नाहीये.

ब्लॉग उडवू नकोस. तू उडवलास की तू मोकळी होशील आणि माझ्याकडे काहीच राहणार नाही. मी लहानपणी काय बोलायचे, कुठल्या भाजीला काय नाव ठेवलं होतं, ते फक्त तिथेच आहे. मला आधी सगळं वाचायचंय. मग जे बरोबर आहे ते मी सांगेन आणि जे नाही ते आपण काढू. तोपर्यंत बंद करून ठेव, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिसणार नाही असं.

मी इथेच राहणार आहे परीक्षेपर्यंत. कॉलेजमध्ये नाव तसंच राहू दे, प्रॅक्टिकलला येईन. त्या क्लासला जाणार नाही. इथले मामा, म्हणजे तुझे दाजी, गणित चांगलं शिकवतात, फक्त मधेच झोपतात. आत्याने तिच्या ग्रुपवर लिहिलं की मी न विचारता भाचीचा व्हिडिओ टाकला, माझी चूक झाली. कुणी काही उत्तर दिलं नाही. ती दोन दिवस फोन बघत होती. तिला म्हटलं, जाऊ दे आत्या.

यायचं असेल तर ये. पण हे कुठे लिहू नकोस.

सई

⁂

खारघर,
८ ऑक्टोबर

सई,

तुझं पत्र वाचलं. बाबांनीही वाचलं, तुला न विचारता त्यांना दिलं, पण ते तुझे बाबा आहेत म्हणून. यापुढे तेही विचारून करीन.

ब्लॉग बंद केलाय. पुसलेला नाही. आत शिरायचा पासवर्ड आत्याला पाठवलाय, तो आता तुझा.

तू चोरी केली नव्हतीस. हे मी बाबांना मोठ्याने म्हणून दाखवलं. आठ वर्षांची तू रस्त्यात माझ्या गळ्यात हात टाकून उभी होतीस आणि माझ्यासाठी गप्प राहत होतीस, आणि मी तुझ्या खांद्यावरून पुढे बघत मनात पहिला परिच्छेद जुळवत होते. हे मला आत्ता आठवलेलं नाही. मला ते तेव्हापासून माहीत आहे. मला वाटायचं, लिहिणाऱ्या माणसाचं असंच असतं.

अजून एक सांगायचं आहे, आणि ते सांगायची मला लाज वाटते. तुझं पत्र संपलं तेव्हा मी रडत होते, आणि रडता रडता डोक्यात एक वाक्य तयार झालं. चांगलं वाक्य होतं. लोकांना आवडलं असतं. ते मी कुठेही लिहिणार नाही, तुलाही सांगणार नाही. पण ते आलं. तुझी आई अशी आहे, हे तुला माहीत असलेलं बरं, म्हणजे तू माझ्यापासून काय राखून ठेवायचं ते ठरवू शकशील.

वैष्णवीच्या घरच्यांना शोधावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, तेही तू म्हणालीस तरच.

शनिवारी येते. पनवेलहून सकाळची एसटी आहे, दुपारी पोचेन. बाबांची शिफ्ट आहे, ते नंतर येतील. मी फक्त कपडे घेऊन येतेय. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर मामांचं गणित चालू दे, मी ऐकत बसेन. एखादं काही विचारलं तर उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबेन.

आणि तू गप्प राहिलीस, तर त्याचा अर्थ मी लावणार नाही.

आई